जुना कॉम्प्युटर आणि फोनचं सिम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळुणात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाच्या व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. आधी कॉम्प्युटरचे आहेत, मग सिम आणि नेटचे. दोन्हींसाठी माझं सांगणं एकच आहे: दोष कुठे आहे ते आधी शोधा, खिशात हात नंतर घाला.

१. कॉम्प्युटर फार स्लो झालाय. फॉरमॅट मारून देता का?

देतो, पण आधी एक गोष्ट बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा. कॉम्प्युटर चालू करून पाच-सात मिनिटं झाली, तुम्ही काही उघडलेलं नाही, आणि तरीही डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटून बसलाय, तर दुखणं हार्ड डिस्कचं आहे. मेमरी भरत आली असेल तर रॅम अपुरी पडतेय. दोन्ही ठीक असून सीपीयूच वर असेल तर कुठला तरी प्रोग्राम मागे चालू आहे. एकाच मशीनवर दोन-दोन अँटिव्हायरस हे त्याचं नेहमी सापडणारं कारण.

फॉरमॅटमुळे साचलेले प्रोग्राम निघून जातात, त्यामुळे थोडे दिवस बरं वाटतं. पण हार्ड डिस्कच झिजली असेल तर तक्रार परत येते, आणि दरम्यान डेटा जातो तो वेगळाच. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली सी ड्राइव्हमध्येच असतात हे अनेकांना ठाऊक नसतं. 'सी ड्राइव्ह उडवा, माझं सगळं डेस्कटॉपवर आहे' असं सांगणारे लोक दर महिन्याला भेटतात, म्हणून मी प्रत्येकाला थांबवून विचारतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर हार्ड डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे 'कॉशन' असं पिवळं दिसलं तर त्याच दिवशी सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या.

२. एसएसडी टाकू की रॅम वाढवू? दोन्हीचं बजेट नाही.

रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर आधी एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर डेटा साठवणारी डिस्क. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साटा एसएसडी ५०० च्या पुढे जाते. पण खरा फरक लहान लहान फाइली शोधण्यात पडतो, कारण तिथे तबकडीवर सुई फिरवायची गरजच उरत नाही. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही एसएसडीवर मिनिटाच्या आत सुरू होतो.

रॅम २ जीबी असेल तर मात्र आधी रॅम. विकत घेण्यापूर्वी जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचा. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. लॅपटॉपमध्ये डीडीआर३एल असू शकते. ती १.३५ व्होल्टवर चालते आणि साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर, त्यामुळे काही लॅपटॉप साधी पट्टी घेत नाहीत. 'आठ जीबी टाकली पण तीनच्या आसपास दिसते' असं झालं तर विंडोज ३२ बिटची आहे. ६४ बिटची टाकल्याशिवाय बाकीची रॅम वापरात येणार नाही.

३. बटण दाबलं की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. कधी कधी बीप वाजतो. मदरबोर्ड गेला का?

बहुतेक वेळा नाही. आमच्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या मशीनचं हे सर्वांत नेहमीचं दुखणं आहे. कोकणातल्या दमट हवेत रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर पातळ थर धरतो आणि संपर्क तुटतो.

प्लग काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडा. रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. शाळेच्या पोरांचा पांढरा खोडरबर घ्या आणि सोनेरी दात एकाच दिशेनं, दोन्ही बाजूंनी, हलक्या हातानं पुसा. रबराचा भुगा झटका, फुंकू नका, कारण फुंकरीबरोबर ओल जाते. खाचेत साठलेली धूळ कोरड्या ब्रशनं काढा. पट्टी परत बसवताना दोन्ही क्लिपांचा 'टक्' आवाज आला पाहिजे. एकाच बाजूला आला तर ती अर्धीच बसलीय.

एवढ्यानं नाही झालं तर एकेक पट्टी एकेका खाचेत लावून बघा. त्यानंतरच मदरबोर्डवर संशय घ्या.

४. रोज तारीख मागे जाते आणि बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते. व्हायरस आहे का?

नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी गोल बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, ३ व्होल्टची. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. बँकेच्या साइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांमध्येच वैध असतं, म्हणून तुमच्या मशीनच्या हिशेबानं ते अजून सुरूच झालेलं नसतं.

घड्याळाच्या दुकानात किंवा स्टेशनरीवाल्याकडे मिळणारी ही बॅटरी बदलायला पाच मिनिटं लागतात. या तक्रारीसाठी कुणी फॉरमॅट सुचवत असेल तर मशीन उचलून घरी आणा.

५. विंडोज १० चा सपोर्ट संपला. आता हा कॉम्प्युटर भंगारात काढायचा का?

भंगारात काढायचं कारण नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. मशीन चालतंच राहतं, फक्त नव्या सापडलेल्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव अपडेट योजना दिली आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवता येतं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. प्रोसेसरच्या नावात 'आय५-७२००' असं काही दिसलं तर तो सातव्या पिढीचा, म्हणजे यादीबाहेरचा. यूट्यूबवर अट चुकवून टाकायच्या युक्त्या दाखवतात. त्या चालतातही, पण अशा मशीनला पुढचे अपडेट देण्याची हमी मायक्रोसॉफ्ट घेत नाही. दुकानाचा हिशेब ज्यावर आहे त्या कॉम्प्युटरवर मी हे करत नाही.

विंडोज ७ अजून वापरणारे बरेच आहेत. तिचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला आणि क्रोमनं २०२३ मध्ये तिला सोडलं. त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार बंदच करा. नेट न लावता जुनी बिलं बघण्यापुरती ती खुशाल ठेवा.

६. विंडोजऐवजी लिनक्स टाकलं तर मराठी टायपिंग आणि जुन्या फाइली चालतील का?

तुम्ही कशात टाइप करता त्यावर हे ठरतं. युनिकोडमध्ये, म्हणजे मंगलसारख्या फॉन्टमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करत असाल तर काही अडचण नाही. तोच कीबोर्ड लिनक्सच्या मिंट या प्रकारात आहे आणि बोटांची सवय तशीच चालते.

श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या फाइली असतील तर गोष्ट वेगळी. त्या फाइलीत खरं म्हणजे इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये टाकली की मजकूर वाचता येतो, पण टाइप करायचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेलं आहे. त्यामुळे लग्नपत्रिका आणि डीटीपी करणाऱ्यांनी विंडोज सोडू नये. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेच लागतात.

टॅली वापरणाऱ्यांनी आणि जीएसटीसाठी डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन लावणाऱ्यांनीही विंडोजवरच राहावं. ईमेल, यूट्यूब, मुलांचा अभ्यास, पत्रं लिहिणं एवढंच असेल तर ४ जीबी रॅम आणि एसएसडीवर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चांगली चालते. आधी पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून बघता येते.

७. काम करता करता अचानक बंद पडतो.

पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडत असेल तर उष्णता. प्रोसेसरवरचा पंखा साफ करा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला. कधीही, कसाही बंद पडत असेल तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) किंवा यूपीएसची बॅटरी. लॅपटॉपचं टचपॅड वर आलेलं दिसलं किंवा तळ फुगला असेल तर बॅटरी सुजली आहे. चार्जर काढा, मशीन बंद करा आणि ती बॅटरी ताबडतोब जाणकाराकडून काढून घ्या, स्वतः उचकटू नका. तिला टोचू किंवा दाबू नका.

८. पुराच्या पाण्यात कॉम्प्युटर भिजला. उन्हात वाळवून चालू करू का?

चालू करू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर कित्येक आठवडे माझ्या टेबलावर चिखलानं भरलेली मशीन होती. त्यांत वाचलेली बरीचशी अशी, ज्यांना कुणी वाळवून बटण दाबलं नव्हतं.

आधी वीज तोडा, लॅपटॉपची बॅटरी आणि मदरबोर्डवरची गोल बॅटरी काढा. बोर्डावरचा गाळ वाळण्याआधी स्वच्छ पाण्यानं धुऊन काढता येतो, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काही दिवस सावलीत पूर्ण वाळवायचं. हार्ड डिस्कचं मात्र वेगळं आहे. तिला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गढूळ पाणी तबकडीपर्यंत जातं. वाळली की गाळ तबकडीवर चिकटतो आणि चालू केल्यावर ओरखडे पडतात. म्हणून भिजलेली हार्ड डिस्क तशीच ओली, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा काढून देणाऱ्यांकडे न्या. आमच्याइथल्या एका बाईंच्या डिस्कमध्ये त्यांच्या गेलेल्या यजमानांचे फोटो होते. त्यांनी ती फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवली होती, चालू केली नव्हती. पुण्याला पाठवली आणि फोटो मिळाले.

९. राउटरवर 'फाइव्ह जी' नावाचं वायफाय आहे, मोबाइलला दिसतं, जुन्या लॅपटॉपला नाही. लॅपटॉप बिघडलाय का?

बिघडलेला नाही. राउटरचा तो 'फाइव्ह जी' म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. मोबाइलच्या ५जी नेटवर्कशी त्याचा संबंध नाही. जुन्या लॅपटॉपच्या कार्डाला फक्त २.४ चा पट्टा कळतो, म्हणून दुसऱ्या नावाचं वायफाय जोडा. तेही दिसतं पण जोडलं जात नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षा डब्ल्यूपीए३ वरून डब्ल्यूपीए२ करून घ्या. चिऱ्याच्या जाड भिंतींतून २.४ चा पट्टा जास्त आत जातो, त्यामुळे मागच्या पडवीत बसणाऱ्यांना तोच बरा. डेस्कटॉपला वायफाय नसेल तर फोन यूएसबी केबलनं जोडून टिदरिंग करा (म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला द्या), वेगळा डोंगल घ्यायची गरज नाही.

१०. आमच्या वाडीत कुठल्या कंपनीचं सिम चांगलं?

हे मी दुकानात बसून सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याचं ऐकू नका. खोऱ्यात एका वळणानं रेंज बदलते. कंपन्यांनी आपल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर द्यावेत असं ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, बंधन घातलंय, ते आधी बघा. मग शेजाऱ्याचं सिम अर्धा दिवस आपल्या फोनमध्ये घालून घरात, मागीलदारी, काजूच्या बागेत फिरा. संध्याकाळी सात ते दहाच्या मधे नेट तपासा, कारण सगळे तेव्हाच वापरतात. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी आले की त्याच टॉवरवर गर्दी होते, म्हणून त्या आठवड्यातला अनुभव वर्षभराचा धरू नका.

बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झाल्याचं जाहीर झालं. जिथे तिचा टॉवर जवळ आहे तिथे पुन्हा एकदा तपासून बघण्यासारखं आहे. आणि घरात फायबर असेल तर फोनमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करा. मग घरात रेंज नसली तरी फोन लागतो आणि सिम बदलायची पाळीच येत नाही.

११. आईकडे बटणाचा फोन आहे. नेट नको, फक्त बोलायचंय. स्वस्त काय?

फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक मागा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं असे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा खास व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवस केली. हे पॅक ॲपमध्ये पहिल्या पानावर दिसत नाहीत, शोधावे लागतात. माझी मावशी दोन वर्षं दर महिन्याला रोज दीड जीबीचा रिचार्ज मारत होती, आणि तिच्या फोनमध्ये नेट चालतच नाही. रिचार्जवाल्यानं एकदाही विचारलं नाही. असं आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांबाबत होत नाही ना, एवढं आजच बघा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जिओचं नेटवर्क सुरुवातीपासून ४जीचंच आहे, त्यामुळे जुन्या २जी बटणाच्या फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही, ४जी बटणाचा फोन लागतो. दुसरं, २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज होतात, १२ नाही. पूर्ण महिन्याच्या पॅकशी तुलना करताना वर्षाचा हिशेब मांडा. किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवणं कंपन्यांना भाग आहे.

१२. नंबर तोच ठेवून कंपनी कशी बदलायची?

इंग्रजीत पोर्ट लिहा, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहा आणि १९०० ला एसएमएस करा. प्लॅनमध्ये एसएमएस नसले तरी हा एसएमएस पाठवू देणं कंपनीवर बंधनकारक आहे. उत्तरात आठ अक्षरी कोड येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीकडे आधार घेऊन जा.

कोड मिळण्यासाठी सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानं सिम बदलून सात दिवस उलटलेले हवेत. त्याच सर्कलमध्ये, म्हणजे टेलिकॉमच्या विभागात (प्रश्न १३), तीन कामाचे दिवस लागतात. जुना बॅलन्स आणि उरलेली मुदत पोर्ट केल्यावर बुडते, नव्या कंपनीकडे येत नाही, म्हणून वर्षाचा पॅक मारल्यानंतर लगेच पोर्ट करू नका.

१३. नंबर मुंबईत घेतलेला, आता कायमचे गावी आलो. पोर्ट होईल का?

होईल. मुंबई हे वेगळं सर्कल आहे, त्यात नवी मुंबई आणि कल्याणही येतं. बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं सर्कल. जुलै २०१५ पासून देशभर सर्कल ओलांडून पोर्ट करता येतं, फक्त तीनऐवजी पाच कामाचे दिवस धरा. रत्नागिरीहून पणजीला गेलेल्यांचं सर्कल बदलतच नाही. बाकी रीत प्रश्न १२ प्रमाणेच.

१४. सिम हरवलं म्हणून त्याच नंबरचं नवं घेतलं. कॉल येतात, ओटीपी येत नाही.

सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस मुद्दाम बंद ठेवलेले असतात. तुमच्या नकळत कुणी सिम काढलं तर बँकेचा ओटीपी त्याच्या हाती लागू नये म्हणून. ई-सिम केलं तरी हेच. परीक्षेचा फॉर्म, कर्जाची सही असं काही असेल तर त्या दिवशी सिम बदलू नका. उलट, काही न करता तुमच्या फोनची रेंज अचानक पूर्ण गेली आणि तासाभरात आली नाही, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

१५. दुसऱ्या सिमवर रिचार्ज मारत नाही, पण बँकेत तोच नंबर आहे. किती दिवस चालेल?

सलग ९० दिवस कॉल, एसएमएस, डेटा असा काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद करता येतो. सिमच्या बॅलन्समध्ये २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. पण इनकमिंग त्याच्या बरंच आधी थांबू शकतं, आणि ओटीपी हे इनकमिंगच आहे. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. मग तुमच्या बँक खात्याचे मेसेज त्या माणसाला जातात. म्हणून आधी बँक, आधार, गॅस आणि व्हॉट्सॲपवरचा नंबर बदला, सिम सोडायचं ते त्यानंतर.

१६. लँडलाइन काढून फायबर घेतलं. लाइट गेली की फोन बंद. आधी असं नव्हतं.

तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजमधूनच वीज येत होती, म्हणून वादळातही तो फोन वाजायचा. फायबरमधून वीज येत नाही. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, काही तास निघतात. खरेदीपूर्वी ॲडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. घरात आजारी माणूस असेल तर एक मोबाइल सिम वेगळ्या कंपनीचं ठेवाच.

१७. वडील गेले. त्यांच्या नावावरचा नंबर आम्हीच वापरतो. तो पोर्ट करता येईल?

त्यांच्या नावावर असताना नाही. आधी मालकी बदलायची, मग पोर्ट. मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि स्वतःचं आधार घेऊन कंपनीच्या गॅलरीत जा. बदल चालू असताना १९०० ला एसएमएस केला तर विनंती फेटाळली जाते, म्हणून बदल पूर्ण झाल्याचा मेसेज येईपर्यंत थांबा. त्यांच्या खात्यांचे व्यवहार मिटेपर्यंत तो नंबर चालू ठेवा (प्रश्न १५).

त्याच फेरीत आपल्या नावावर एकूण किती सिम आहेत तेही बघा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या वेबसाइटवर नंबर आणि ओटीपी टाकला की यादी येते. महाराष्ट्रात एका माणसाला नऊची मर्यादा आहे. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच 'हा माझा नाही' असं कळवता येतं. फोन चोरीला गेला तर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) देऊन तो बंद करायची सोयही तिथेच आहे. आयएमईआय फोन हातात असतानाच *#०६# दाबून बघा आणि वहीत लिहून ठेवा.